मांड

घोड्यावर बसणाऱ्याच्या बैठकीला मराठीत 'मांड' असा एक नेटका शब्द आहे. मांड ठोकणे, मांड पक्की असणे, मांड ढिली पडणे हे वाक्प्रयोग आपल्या पणजोबांच्या पिढीला रोजच्या व्यवहारातले होते. सावंतवाडीकडून किंवा घाटावरून खाली उतरून पेडणे, डिचोली, साखळी या भागांत स्थिरावलेल्या आपल्यासारख्या घरांपैकी काहींच्या माळ्यावर अद्याप एखादे जुने खोगीर किंवा गंजलेली रिकीब सापडते. घोडे गेले, त्यांच्या जागी सायकली आणि पुढे मोटरसायकली आल्या. नव्या वाहनाबरोबर हँडल, ब्रेक, क्लच, गिअर असे सगळे शब्द परके आले आणि ते आपण निमूटपणे घेतले. परंतु त्यांत बसणाऱ्याच्या शरीराविषयीचा एकही शब्द नव्हता, हे कोणाच्या फारसे ध्यानात आले नाही. परिणामी मोटरसायकल ही हातापायांनी चालवायची वस्तू आहे अशी समजूत दृढ झाली. आजही मुलाला गाडी शिकवणारा बाप त्याला क्लच कसा सोडावा ते सांगतो. वळणावर अंग कोठे न्यावे, मान कोठे न्यावी, हे सांगत नाही.

आपल्याकडे पुल्लिंगी 'मांड'ही आहे. शिगम्यात गाव जेथे जमतो ती पवित्र जागा म्हणजे मांड. या मांडावर होणारी घोडेमोडणी ज्यांनी पाहिली असेल त्यांना माझे पुढचे म्हणणे समजण्यास सोपे जाईल. कमरेला लाकडी घोडा बांधलेला, डोक्यावर फेटा, एका हातात लगाम व दुसऱ्यात तलवार अशा वेषात ढोलताशांच्या ठेक्यावर पुढे-मागे होणारे ते नर्तक लहानपणापासून मी पाहत आलो आहे. त्या लाकडी घोड्याला पाय नसतात, पाय नर्तकाचेच. तरीही वळताना प्रथम नर्तकाची मान वळते, मग खांदे, मग कंबर, आणि सर्वांत शेवटी घोड्याचे तोंड. हात लगामाला धरून असतात एवढेच. घोडा हाताने वळत नाही. मोटरसायकलच्या वळणाचे सारे शास्त्र मला त्या नाचात दिसते, असे म्हटले तर अतिशयोक्ती वाटेल, पण पन्नास वर्षे या रस्त्यांवर गाडी चालवल्यानंतर आणि अलीकडे गाडीच्या मागेच बसू लागल्यानंतर माझे मत असे झाले आहे खरे.

दोन चाकांचे वाहन वळवायचे तर ते आतल्या बाजूला कलावे लागते. कलले नाही तर ते बाहेरच्या बाजूला उलथेल. किती कलावे हे दोनच गोष्टींवर ठरते, वेग आणि वळणाची त्रिज्या. वीस मीटर त्रिज्येचे वळण, म्हणजे आपल्याकडच्या डोंगरउतारावरचे बऱ्यापैकी आवळलेले वळण, ताशी 25 किलोमीटर वेगाने घेतले तर गाडी व स्वार मिळून सुमारे 14 अंशांनी कलतात. वेग 36 झाला की हा कल 27 अंशांवर जातो, आणि 45 ला तो 38 अंशांच्याही पुढे सरकतो. वेगाच्या वर्गाशी हे गणित बांधलेले असल्यामुळे थोड्या वेगाची किंमत फार मोजावी लागते. येथे पुष्कळांना नवल वाटेल अशी गोष्ट म्हणजे या हिशेबात वजन कोठेच येत नाही. एकटा तरुण असो की मागे आजी आणि तांदळाची पिशवी असो, त्या वेगाला त्या वळणावर कल तोच. वजनाने बदलतात त्या निराळ्या गोष्टी. मागची स्प्रिंग दबते, फूटरेस्ट जमिनीच्या जवळ येतात, थांबायला अंतर अधिक लागते.

मग गाडी कलवायची कशी? बहुतेक जण म्हणतील, डावीकडे जायचे तर हँडल डावीकडे वळवावे. विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंपैकी थोरला विल्बर हा मूळचा सायकलींचा व्यावसायिक. त्याने कित्येक सायकलस्वारांना हाच प्रश्न विचारून पाहिला होता, आणि पहिल्याच विचारण्यात एकालाही सगळे बरोबर सांगता आले नाही अशी त्याची नोंद आहे. प्रत्यक्षात डावीकडे वळणारा स्वार आधी क्षणभर हँडल उजवीकडे लोटतो. चाक उजवीकडे सरकते, वरचे अंग डावीकडे कलते, आणि कल आल्यावर चाक आपोआप डावीकडे येते. मोटरसायकलवर हे अधिक स्पष्ट जाणवते. डावे वळण हवे असेल तर डावी मूठ किंचित पुढे ढकलावी. गाडी डावीकडे झुकते. सायकल चालवणारे प्रत्येक पोर हे करते, आणि विचारले तर उलटे सांगते. शरीराला ठाऊक असते आणि जिभेला नसते अशा विद्यांपैकी ही एक होय.

मात्र शरीराला ठाऊक असलेली ही विद्या भीतीच्या क्षणी शरीरच विसरते. म्हणून तिचे नियम जिभेवरही असावेत असे मला वाटते.

पहिला नियम ब्रेकचा. टायरची रस्त्यावरची पकड ही शाळामास्तराच्या पगारासारखी असते. रक्कम ठरलेली, खर्चाच्या बाबी दोन. थांबणे ही एक आणि वळणे ही दुसरी. दोन्हींवर एकाच वेळी सढळ हाताने खर्च करू गेले की महिना संपण्याआधी पैसे संपतात. म्हणून वेग कमी करायचा तो गाडी सरळ उभी असताना, वळण सुरू होण्यापूर्वी. गिअरही तेव्हाच उतरवायचा. वळणात शिरल्यावर उजवी मूठ अगदी हलकेच उघडी ठेवायची, म्हणजे गाडी स्वतःच्या अंगावर बसल्यासारखी शांत चालते. पावसाळ्यात हा पगार अर्धा होतो आणि चिखलात तर मास्तर बिनपगारी रजेवर जातो.

दुसरा नियम नजरेचा, आणि माझ्या लेखी तो पहिल्याहून मोठा आहे. जेथे जायचे तेथे पाहावे. जेथे जायचे नाही तेथे पाहू नये. डोळे ज्या वस्तूवर खिळतात, गाडी त्या वस्तूकडे ओढली जाते. समोरचा खड्डा टाळायचा म्हणून खड्ड्याकडेच टक लावणारा नेमका खड्ड्यात जातो हा अनुभव सायकल शिकताना प्रत्येकाने घेतलेला असतो. वळणावर हनुवटी वळणाच्या शेवटाकडे न्यावी. मान वळली की खांदे सैल होतात, खांदे सैल झाले की हात हँडलला आवळून धरत नाहीत, आणि मोकळ्या हँडलची गाडी आपली वाट आपण धरते. घोडेमोडणीतील नर्तकाची मान आधी वळते ती याच कारणाने असावी.

तिसरा भाग प्रत्यक्ष मांडीचा. गुडघे टाकीला लागलेले, पावले फूटरेस्टवर, कंबर मोकळी. गाडी जेवढी कलेल तेवढेच आपणही कलायचे, तिच्या मापाने. कोरड्या रस्त्यावर साधारण वेगाला एवढे पुरते. रस्ता ओला असेल तर अंग किंचित अधिक आत न्यावे, म्हणजे तेच वळण घेताना गाडी थोडी कमी कलते व टायरचा भरवशाचा मधला भाग रस्त्यावर राहतो. खडी किंवा जांभ्याचा भुगा पसरलेला असेल, वेग अगदी मंद असेल, तर याच्या उलट करावे. गाडी आपल्याखाली कलू द्यावी, आपण ताठ राहावे व बाहेरच्या फूटरेस्टवर भार द्यावा. दूरचित्रवाणीवर शर्यती पाहणारी मुले अंग पूर्णपणे बाहेर काढून गुडघा जमिनीला टेकवतात. ती रीत फिनलंडचा यार्नो सारिनेन व अमेरिकेचा केनी रॉबर्ट्स यांच्यामुळे 1970 च्या दशकात रूढ झाली, आणि तिच्यामागचे तत्त्व मी वर सांगितलेलेच आहे, अंग आत म्हणजे गाडी उभी. आजचे शर्यतवीर 60 अंशांच्याही पलीकडे कलतात. सप्टेंबर 2023 मध्ये ग्रेटर नोएडाला झालेली शर्यत पाहिल्यावर आमच्या आळीतल्या दोघा मुलांनी पँटचे गुडघे फाडून घेतले. शर्यतीच्या रस्त्यावर समोरून कोणी येत नाही, गुरे बसलेली नसतात आणि सुपारीची झावळी पडलेली नसते, एवढे त्यांच्या ध्यानात आले नाही.

आता मागे बसणाऱ्याकडे वळतो. गोव्याबाहेरच्या मराठी वाचकाला हा विषय गौण वाटेल, आपल्याला वाटू नये. भाड्याने माणूस नेणारी मोटरसायकल आता मोठ्या शहरांत मोबाइलवरून बोलावता येते, परंतु पिवळ्या मडगार्डाचे आपले पायलट त्याच्या कितीतरी आधीपासून बाजारात, फेरीधक्क्यावर, बसथांब्यावर उभे आहेत. पेडण्याच्या बाजारातून मी ज्या डोंगरावरच्या शाळेत शिकवायला जात असे तेथे सकाळची बस नव्हती, आणि गाडी घेण्यापूर्वीची काही वर्षे मी पायलटच्या मागेच बसून गेलो. त्यातला एक पायलट वयाने माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, बोलणे मोजके. नवखा प्रवासी बसला की तो निघण्यापूर्वी एवढेच सांगे: ''आंग सैल सोडात. दावें वळण आयलें की म्हज्या दाव्या खांद्यावयल्यान पळयात, उजवें आयलें की उजव्या.'' यापलीकडे काही नाही. कल घ्या, झुका, असे तो कधी म्हणत नसे. पुढे मी या विषयावर जे काही वाचले त्यात मागे बसणाऱ्यासाठी याहून चांगली सूचना मला आढळली नाही. त्या खांद्यावरून पाहण्यासाठी मान जेवढी सरकते तेवढेच अंग सरकते, आणि तेवढेच हवे असते. अधिक झुकणारा प्रवासी गाडी आत ओढतो. भिऊन उलट बाजूला ताठ होणारा प्रवासी गाडी बाहेर ढकलतो, आणि ती ढकल पुढच्याला हँडलवर अकस्मात जाणवते. एका गाडीवर दोन मांडी असल्या तरी कल एकच असावा लागतो.

स्त्रियांचा प्रश्न वेगळा होता. लुगडे वा साडी नेसलेली बाई एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसे, तेही बहुधा डावीकडे. तिच्या शरीराचा भार गाडीच्या मध्यरेषेवर न येता डावीकडे येतो, म्हणून पायलट किंचित उजवीकडे सरकून बसत. डाव्या वळणाला तिची पावले रस्त्याच्या जवळ येत, उजव्या वळणाला ती पाठीवर पडल्यासारखी होई. परक्या पुरुषाच्या कमरेला हात घालणे रीतीत बसत नव्हते. मध्ये भाजीची किंवा मासळीची पिशवी ठेवली जाई, आणि एक हात पायलटच्या खांद्यावर. हा खांदा धरणे सर्वांत वाईट; खांदा ओढला की हात ओढला जातो, हात ओढला की हँडल. म्हणून जाणते पायलट बाईला सीटच्या मागचा दांडा धरायला लावत. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील 123 वा नियम प्रत्येक मोटरसायकलला मागच्याला धरण्यासाठी दांडा, पाय ठेवण्यासाठी फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी सक्तीची करतो, ती कपडा चाकात जाऊ नये म्हणून. सरकारी नियमांची भाषा रूक्ष असते, पण या एका नियमामागे पदर सावरून बसलेली कोणीतरी बाई स्पष्ट दिसते. आजकाल तरुण मुले दिसण्यासाठी ही जाळी काढून टाकतात तेव्हा मला फार राग येतो.

रस्त्यांविषयी थोडे. पेडण्याच्या अंतर्भागातील वाटांच्या दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे असतात आणि त्यांवर पावसाळ्यात शेवाळ व रान माजते. वळणापलीकडचे काही दिसत नाही. अशा ठिकाणी वळणाच्या आत लवकर शिरू नये. बाहेरच्या बाजूने जरा अधिक पुढे जावे, पलीकडचे दिसू लागले की मगच आत कलावे. उजव्या वळणाला एक गोष्ट विशेष सांभाळायची. चाके आपल्या बाजूला असली तरी कललेल्या स्वाराचे डोके मध्यरेषेच्या पलीकडे गेलेले असू शकते, आणि समोरून कदंबची बस येत असेल तर तिला आपल्या चाकांशी कर्तव्य नसते. डिचोलीकडे धोका निराळा. तेथे खनिज वाहणाऱ्या टिपरांनी वर्षानुवर्षे रस्त्यावर तांबडी भुकटी सांडली. उन्हाळ्यात ती नाकात जाई, आणि पहिल्या पावसात तिचे लोणी होई. ऑक्टोबर 2012 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा रस्ते उघडे पडले. नंतर त्या काही काळ सुरू झाल्या, 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. उपजीविका गेलेल्या घरांचे हाल मी पाहिले आहेत, त्यामुळे रस्ता स्वच्छ झाला याचा निर्भेळ आनंद मला कधी मानता आला नाही. पण पहिल्या सरीनंतरचा तो तांबडा थर ज्याने चाकाखाली अनुभवला आहे त्याला या दोन गोष्टी वेगळ्या काढता येणार नाहीत.

1986 च्या आषाढात माझा धाकटा भाऊ त्याच भागात एका वळणावर गेला. वय सत्तावीस. गाडी येझदी होती. येझदी, जावा, राजदूत ही सगळी दोन ठोक्यांची इंजिने; त्यांच्या पेट्रोलातच तेल मिसळावे लागे. उतारावर मूठ बंद केली तरी बुलेटप्रमाणे इंजिन गाडीला मागे धरत नाही, आणि फार वेळ मूठ मिटून उतरले तर इंजिनाला तेल कमी पडते. म्हणून त्या गाड्यांवर उतारावरच्या वळणात पाय सारखा ब्रेककडे जाई. समोरून बस आली होती. बसने आपली बाजू सोडली नव्हती आणि भाऊ बसला धडकलाही नाही. तो रस्ता सोडून डाव्या हाताच्या गडग्यावर गेला. त्या काळी हेल्मेट आमच्याकडे कोणी घालत नसे.

दुसऱ्या दिवशी तो मोजके बोलणारा पायलट माझ्याबरोबर तेथे आला. पाऊस रात्री उघडला होता. त्याने प्रथम कडेचा चिखल पाहिला. चाकाची एकच रेष होती, आणि रस्ता उजवीकडे वळत असताना ती रेष पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. मग आम्ही पोलीस ठाण्याच्या आवारात उभी असलेली गाडी पाहिली. तो वाकून उजव्या फूटरेस्टखाली बोट फिरवीत राहिला. रबर घासलेले नव्हते. टायर नवा होता. नव्या टायरच्या कडांना रबराचे बारीक केस असतात. मधले झिजून गेले होते, कडेचे सगळे शाबूत होते. त्याने मला ते दाखवले आणि तो म्हणाला, गाडी वळली असती. तिच्यात अजून पुष्कळ कल शिल्लक होता. त्याने ती उभी केली.

याचा अर्थ मला समजायला काही वर्षे लागली. बस दिसली, डोळे बसवर आणि मग गडग्यावर गेले, पाय ब्रेकवर गेला; ब्रेक लागताच कललेली गाडी सरळ उभी राहते आणि सरळ जाते. कल कमी करावा असे भीती सांगते. त्या क्षणी अधिक कलणे, ज्या बाजूला जमीन जवळ येते त्याच बाजूला अंग टाकणे आणि बसच्या पुढची मोकळी वाट पाहणे, हेच वाचवणारे असते, आणि ते शिकवल्याखेरीज माणसाच्या अंगात येत नाही. माझ्या भावाला ते कोणी शिकवले नव्हते. तो वेगात नव्हता, हे मी आईला सांगू शकलो. त्याचा तिला काय उपयोग झाला ते देवाला ठाऊक.

त्यानंतर आमच्या घरात मोटरसायकल हा शब्द उच्चारला की स्वयंपाकघरातले आवाज थांबत. मी चालवत राहिलो, तेही उघडपणे कोणाला आवडले नाही. गेल्या वर्षी माझ्या नातीला डिचोलीत नोकरी लागली. कामावर आठला हजर व्हायचे. पेडण्याहून बसने जायचे तर म्हापशाला उतरून दुसरी बस धरावी लागते, आणि वेळ जमत नाही. तिने मित्रमैत्रिणींकडून मोटरसायकल शिकून घेतली होती. परवानाही काढला होता. घरात सांगितले तेव्हा तिचे वडील, म्हणजे माझा मुलगा, काही न बोलता देवघरात जाऊन बसला. काका गेला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. दोन दिवसांनी त्याने माझ्याकडे पाहून एवढेच म्हटले, ''तुम्ही तिच्यामागे बसून या. तुम्ही हो म्हणालात तर मी नाही म्हणणार नाही.''

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही निघालो. धारगळ, शापोऱ्यावरचा कोलवाळचा पूल, थिवी, अस्नोडा, मुळगाव असा मार्ग. डिचोलीत राहणाऱ्या माझ्या बहिणीसाठी घरातून सोलकढीचा डबा दिला होता. त्याचे झाकण सैल होते आणि तो माझ्या मांडीवर होता. ती गोष्ट जमून आली असे नंतर वाटले, कारण पातळ पदार्थासारखा परीक्षक नाही. गाडी वळणावर योग्य तेवढी कलली तर डब्यातला द्रव डब्याच्या तळाशी समांतरच राहतो; त्याच्या दृष्टीने काही घडतच नाही. चुकीच्या वेळी ब्रेक लागला किंवा मूठ झटक्याने मिटली तर मात्र तो लगेच काठावरून उसळतो. थिवीपर्यंत तीन ठिकाणी माझा लेंगा ओला झाला, तिन्ही वेळा ब्रेकने. नातीचे हात आवळलेले होते, ते मला तिच्या खांद्यांवरून कळत होते. अस्नोड्याला आम्ही चहा घेतला. मी तिला पगाराचा हिशेब सांगितला, आणि ते दोन शब्द, आंग सैल. ती म्हणाली, ''आजोबा, हे मागे बसणाऱ्याला सांगतात ना?'' मी म्हटले, दोघांनाही.

अस्नोड्याच्या पुढे मी तिच्या हेल्मेटकडे पाहत राहिलो. मुळगावच्या आधी एका वळणावर समोरून मोठा ट्रक आला. तिचे हेल्मेट ट्रककडे वळले, क्षणभर थांबले, आणि मग पुढच्या रस्त्याकडे गेले. गाडी माझ्याखाली आणखी थोडी कलली. मी तिच्या खांद्यावरून पाहत होतो. डबा शांत होता.

घरी येऊन मी हो म्हटले. अटी दोन घातल्या. पावसाच्या पहिल्या तासाभरात, रस्त्यावरची घाण वाहून जाईपर्यंत, कोठेही थांबायचे, नोकरीवर उशीर झाला तरी. आणि चाकावरची जाळी काढायची नाही. जाळीची अट तिला कळली नाही. पण श्रावणात तिची आजी शिरगावला लईराईच्या दर्शनाला जाण्यासाठी तिच्यामागे एका बाजूला पाय सोडून बसली तेव्हा कळली असावी. आजीने नातीच्या कमरेला घट्ट हात घातला होता. परक्या पुरुषाचा प्रश्न नसल्यामुळे मागचा दांडा कोणाच्या ध्यानातही आला नाही, आणि कमरेचा आधार तसा दांड्याइतकाच चांगला.

पावसाळा संपल्यावर नवरात्रात गाडी धुताना मी मागचा टायर पाहिला. तो जूनमध्ये नवा घातला होता. डाव्या कडेचे केस जवळजवळ टोकापर्यंत झिजले होते, जेमतेम बोटभर उरले होते. उजव्या कडेला मात्र दोन बोटे रबर अद्याप कोरे होते. यात थोडा वाटा भूमितीचा आहे. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे उजवे वळण आपल्याला बाहेरच्या अंगाने, जरा मोठ्या त्रिज्येचे मिळते आणि कल कमी लागतो. उरलेला वाटा समोरून येणाऱ्या गाड्यांचा. नातीने विचारले, काय पाहता? मी तिला दोन्ही कडा दाखवल्या. तिने उजव्या कडेवर बोट ठेवून मोजले आणि बादलीतले उरलेले पाणी टायरवर ओतले.